स्वरूप : घट्ट

धाकटे,

परवा तुझा निरोपसमारंभ झाला. तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसून मी सगळी भाषणं ऐकली आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. तुला भिंतीवरचं घड्याळ दिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत जी बाई ‘अर्ध्या तासाच्या आत आणा हो’ म्हणून घसा कोरडा करत होती आणि जिचं कुणी ढुंकून ऐकलं नाही, तिला घड्याळ. देणाऱ्याच्या लक्षातही आलं नाही, आणि तू ते दोन्ही हातांनी घेतलंस, वर ‘कशाला एवढं’ म्हणालीस.

व्यवस्थापक म्हणाले, “अत्यंत हसतमुख. कधी कशाबद्दल तक्रार नाही.” तुझे अकरा अर्ज त्यांच्याच कपाटात पडलेत. तुला मिळालेला ठपक्याचा कागद त्यांच्याच सहीचा आहे. पण तू खरोखर काय केलंस हे सांगायचं तर व्यासपीठावरून ‘शौच’ हा शब्द उच्चारावा लागला असता, आणि लोकांच्या हातात खाण्याच्या बशा होत्या. मग ‘हसतमुख’वर भागवलं.

म्हणून आता मी सांगणार आहे. तुला समोर बसवून सांगायला लागले तर ‘जाऊ द्या हो वन्सं’ म्हणून तू उठून जाशील. तेव्हा तुला सांगत नाही, लोकांना सांगते. तू बाजूला बसून ऐक, मध्ये बोलू नकोस. आणि या गोष्टीत मी ‘मी’ म्हणून येणार नाही. तुझी नणंद म्हणून येईन, तेही कामापुरती.

*

तर ही बाई घरातली धाकटी सून. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात ती कामाला होती. जिना उतरून डावीकडे वळलं की आधी धुलाईखाना, मग मोडक्या खाटांची अडगळ आणि अगदी टोकाला तिची खोली. खोलीला एकच खिडकी, तीही छताला टेकलेली आणि बाहेरच्या रस्त्याच्या पातळीला. त्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांची नुसती पावलं दिसत. पावलांवरून माणूस ओळखायची तिला सवयच लागली होती. “आज हाडांचे डॉक्टर उशिरा आले,” असं ती मान वर न करता सांगे.

दारावर ‘सूक्ष्मदर्शन विभाग’ अशी पाटी होती. पाटी वाचतो कोण? सगळं रुग्णालय तिला ‘घाण खोली’ म्हणायचं, आणि तिला ‘भिंगबाई’. लिफ्टवाला तर तळघराचं बटण दाबताना नाकाला रुमाल लावी. वास्तविक त्या खोलीइतकी स्वच्छ खोली त्या इमारतीत दुसरी नव्हती, शस्त्रक्रियेची धरून.

लोकांचं शौच तपासायचं आणि त्यात कुणाच्या पोटात कोण बिऱ्हाड करून बसलंय ते शोधायचं, हे तिचं काम. जंतांची अंडी, सुतासारख्या अळ्या, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे एकपेशी जीव. सगळ्यांना ती आपल्या शेजाऱ्यांसारखी ओळखायची. कुणाची पोटदुखी, कुणाचं उतरलेलं तोंड, कुणाचं रक्त कमी, कुणाचं वजन घटतंय. वरच्या मजल्यांवर त्याला मोठमोठी नावं मिळायची. खाली तळघरात ती भिंगाचं चाक फिरवायची आणि म्हणायची, “हे बघा, इथे बसलेत साहेब.”

सासरी पहिलं वर्ष तिला स्वयंपाकघरात पीठ मळू दिलं नाही. सासूबाई भल्या होत्या, पण मन घेईना. “तू आपली भाजी निवड,” म्हणायच्या. जणू भाजी हातांनी निवडत नाहीत. त्या घरात खरे हात धुणारी ती एकटी होती: कोपरापर्यंत साबण, नखांना ब्रश, आणि नळ बंद करायचा तो कोपरानं. बाकीच्यांचं हात धुणं म्हणजे बोटांना पाणी दाखवणं. नवरा, म्हणजे नणंदेचा धाकटा भाऊ, नातेवाइकांत सांगायचा, “ही रक्त विभागात असते.” ती लगेच सुधारायची, “नाही हो, शौच तपासते मी.” समोरच्याचा घास तिथेच थांबायचा. आणि तेच लोक जेवणं झाल्यावर तिला कोपऱ्यात गाठायचे. “वहिनी, जरा विचारायचं होतं. माझं नाही, माझ्या एका मित्राचं.” अशा मित्रांच्या पोटांचे किती किस्से तिच्यापाशी असतील, तीच जाणे.

तिची कामाची रीत पक्की होती. रिपोर्टात पहिली ओळ स्वरूपाची: घट्ट, मऊ, पातळ, तेलकट, जसं असेल तसं. दुसरी ओळ रक्त आणि आव यांची. मग भिंगाखाली काय दिसलं ते. काचपट्टी ती दिव्याच्या टोपावर कोमट करून घ्यायची, त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंबही कोमटच. कारण काही जीव हलताना दिसले तरच ओळखू येतात. नमुना गार पडला, तासभर पडून राहिला, की ते मरतात, विरघळतात, आणि मागे उरतो तो नुसता चिखल. त्याकडे कितीही बघा.

आणि नमुने यायचे कधी? वरच्या खिडकीवर लोक आठ वाजल्यापासून डब्या आणून द्यायचे. त्या एका पत्र्याच्या ताटात जमा व्हायच्या. शिपाई दिवसातून एकच खेप करी, साडेबाराला, जेवायला खाली येतानाच्या वाटेवर. म्हणजे चार-साडेचार तासांची शिळी डबी. तिनं अर्ज केला. उत्तर आलं, ‘सूचना नोंदवून घेतली आहे.’ दुसरा केला. ‘मनुष्यबळाअभावी.’ तिसऱ्यात तिनं लिहिलं की मी स्वतः दर अर्ध्या तासाला वर येऊन डब्या घेऊन जाईन. तर उत्तर आलं की तंत्रज्ञांनी आपली जागा सोडून रुग्णांच्या रांगेत फिरणं शिस्तीला धरून नाही.

“म्हणजे मी रोज काय करते, वन्सं, सांगू?” एकदा ती नणंदेला म्हणाली. “मेलेल्या माणसाच्या दारावर टकटक करते आणि आतून ओ आली नाही की लिहिते, घरात कुणी नाही.”

“मग लिहू नकोस.”

“न लिहून कसं चालेल? रोज दीडशे रिपोर्ट जायला लागतात.”

हे बोलताना ती हसत होती. म्हणजे हसतमुख होती, खरंय.

*

आता थोरली. हिची मोठी जाऊ. ती एकोणीस वर्षं एका पाळणाघरात कामाला होती. चांगल्या वस्तीतलं, रंगवलेल्या भिंतींचं, दारावर फुलपाखरं चिकटवलेलं पाळणाघर. तीस मुलं, सहा महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतची. सगळी तिला ‘मोठी मावशी’ म्हणत. लंगोट बदलायचं टेबल एक आणि हात धुवायचं बेसिनही एकच, तेही मुलांच्या कपांच्या फडताळाखाली. हे लक्षात ठेवा.

बावन्नाव्या वर्षी थोरलीचं पोट बिघडलं. बिघडलं ते सुधारेचना. दिवसाला पाच-सहा वेळा पळायचं. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि आतून असं गुरगुरायचं की शेजारी बसलेला माणूस खुर्ची मागे घेई. ढेकर आली की कुजक्या अंड्याचा वास. दूध प्यायलं की संपलंच. वर्षभरात कपडे अंगावर टांगल्यासारखे दिसायला लागले. बाजारात जायचं तर आधी वाटेत शौचालय कुठे कुठे आहे याचा हिशोब मांडायची. नंतर बाजारच बंद केला.

डॉक्टर आधी म्हणाला, पित्त. मग म्हणाला, वय. बायकांच्या बाबतीत हे एक फार सोयीचं उत्तर आहे. पंचेचाळिशीपासून साठीपर्यंत कशालाही चालतं. मग पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिसऱ्या मजल्यावर, धाकटीच्याच रुग्णालयात. त्यांनी इतर तपासण्यांबरोबर शौचतपासणीही लिहून दिली. रिपोर्ट आला, ‘परजीवी आढळले नाहीत.’ खाली सही धाकटीची.

झालं. तो कागद म्हणजे जणू न्यायालयाचा निकाल. त्यानंतर थोरलीनं काहीही सांगितलं की डॉक्टर फाइल उलटून तो कागद काढायचे. “तपासणी स्वच्छ आहे. तुम्ही फार विचार करता.” विचार कमी व्हायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या खाऊन ती दिवसभर पेंगायची आणि पेंगत पेंगत शौचालयात पळायची. घरात सगळे हळू बोलायला लागले. तिचा मुलगा आईशी लहान मुलासारखं बोलायचा. नवरा बिचारा चांगला माणूस, तोसुद्धा म्हणायला लागला, “अगं, मन रमव कशात तरी.”

दोन वर्षं हे चाललं. मग सोनोग्राफीत पित्ताशयात मोहरीएवढा एक खडा दिसला. असे खडे अर्ध्या गावाच्या पोटात असतात आणि मरेपर्यंत चकार शब्द काढत नाहीत. पण आता डॉक्टरांना दाखवायला काहीतरी सापडलं होतं. पित्ताशय काढून टाकायचं ठरलं. पुढचा गुरुवार.

आधीच्या शुक्रवारी दुपारी थोरलीच्या खोलीत तिची बॅग भरायचं काम चाललं होतं. नणंद कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटी कागद तारखेप्रमाणे लावत होती. थोरली पलंगावर पोटाशी उशी धरून बसली होती.

कागद लावता लावता धाकटीचा हात थांबला. आपलंच अक्षर. दोन वर्षांपूर्वीचं. ती पहिली ओळ वाचत होती.

“वहिनी,” ती म्हणाली, “मला जेव्हा डबी दिली होतीत, तेव्हा तुम्हाला दिवसातून किती वेळा होत होतं?”

“तेव्हाही तेच. पाच-सहा वेळा. आता काय त्याचं?”

“पाण्यासारखं?”

“पाण्यासारखं नाही. तेलकट. तरंगायचं. पण चव्हाट्यावर हे काय मांडतेस? वन्सं बसल्यात.”

“वन्संनी काय ते पाहिलेलं नाही?” नणंद म्हणाली.

धाकटीनं कागद पुढे केला. “इथे मी लिहिलंय, स्वरूप : घट्ट. हे कुणाचं होतं?”

थोरलीनं खिडकीकडे बघितलं. मग उशीकडे. मग अशा आवाजात म्हणाली, जसा एखाद्या चौथीतल्या पोरीनं शाई सांडल्यावर काढावा. “तुझ्या भाऊजींचं.”

धाकटीनं कागद पलंगावर ठेवला.

“तू बघणार होतीस ना,” थोरली म्हणाली. “आपण एका ताटात जेवलोय गं. तू ते उघडणार, काडीनं घेणार, डोळा लावून बघणार. सकाळी डबी घेऊन बसले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांना म्हटलं, डॉक्टरांनी तुमचीही तपासणी सांगितलीय, घरातल्या सगळ्यांची करतात. त्यांनी आनंदानं दिली. चार दिवस विचारत होते, माझं काय आलं म्हणून.”

“मग काय सांगितलंत?”

“उत्तम आहे म्हटलं.”

नणंदेला हसू आवरेना, आणि त्याच वेळी रागानं तिची कानशिलं तापली. दोन वर्षं एका सुदृढ पुरुषाच्या पोटाचा दाखला दाखवून एका आजारी बाईला वेडी ठरवत होते. आणि हे कशामुळे, तर लाजेमुळे. सगळ्या जगानं मिळून ज्या गोष्टीचं नावसुद्धा घ्यायचं नाही असं ठरवलंय, त्या लाजेमुळे. थोरलीला बोल काय लावायचा? जी खोली ‘घाण खोली’ आणि जी बाई ‘भिंगबाई’, तिच्या हातात आपली डबी द्यायला कुणाचा जीव धजेल?

धाकटी मात्र हसली नाही. ती स्वतःवर चिडली होती. “हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. तुमची तक्रार मला माहीत होती. घट्ट असं मी माझ्या हातानं लिहिलं आणि पुढचा कागद ओढला.” मग म्हणाली, “आणि भाऊजींचंसुद्धा मी साडेबाराच्या ताटातूनच बघितलं असणार. तेही खरं म्हणजे कुणी बघितलेलं नाहीये.”

*

त्याच दुपारी ती तिसऱ्या मजल्यावर गेली. नणंद बरोबर होती. नसती तरी ती गेलीच असती. मोठ्या डॉक्टरांची खोली थंडगार, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड.

“सर, हा रिपोर्ट चुकीचा आहे.”

डॉक्टरांनी बघितला. “ही तर तुमचीच सही आहे.”

“म्हणूनच सांगायला आले. नमुना पेशंटचा नव्हता. पहिली ओळ बघा. जिला दोन वर्षं रोज सहा वेळा जावं लागतंय, तिचं घट्ट कसं असेल?”

“मी निष्कर्ष वाचतो,” डॉक्टर म्हणाले. “प्रत्येक ओळ वाचायला लागलो तर रांग दारापर्यंत जाईल.”

“रांग आताही दारापर्यंतच आहे,” नणंद म्हणाली. धाकटीनं तिचा दंड दाबला.

“मला तीन नमुने बघू द्या,” धाकटी म्हणाली. “एक दिवसाआड. हे जीव रोज बाहेर पडत नाहीत. एकदा दिसलं नाही म्हणजे नाहीत असं नसतं.”

डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले, “गुरुवारी सकाळी शस्त्रक्रिया आहे. त्याआधी तुम्हाला काय हवं ते करा.”

शनिवार, सोमवार, बुधवार. तीनच दिवस हातात होते.

तळघरात धुलाईखान्याशेजारी कर्मचाऱ्यांचं एक शौचालय होतं. तिथून धाकटीच्या टेबलापर्यंत बेचाळीस पावलं. शनिवारी सकाळी थोरलीला तिथे आणलं. तिनं डबी ओढणीत गुंडाळली, त्यावर पिशवी घातली आणि पिशवी पोटाशी धरून ती बेचाळीस पावलं अशी चालली की बघणाऱ्याला वाटावं, बाई दागिने चोरून चाललीय. धुलाईखान्यातल्या बायका वाकून बघत होत्या. धाकटी दारात काचपट्टी गरम करून उभी. एक पट्टी बघितली, दुसरी बघितली, सहा पट्ट्या बघितल्या.

काही नाही.

“बघ,” थोरली म्हणाली. तिचा चेहरा पडला होता आणि कुठेतरी सुटल्यासारखाही झाला होता. “मनाचंच आहे माझ्या.”

“मनाला तेलकट होत नाही, वहिनी. सोमवारी या.”

सोमवारीही काही नाही. त्या दिवशी तिनं दहा पट्ट्या केल्या. डोळे लाल झाले. मंगळवारी व्यवस्थापकांचं बोलावणं आलं: कर्मचाऱ्यांचं शौचालय बाहेरच्या माणसाला कोणाच्या परवानगीनं वापरू दिलं? तिथे आता कुलूप लागलं होतं. बुधवारी सकाळी धुलाईखान्याच्या मुकादमबाईनं आपल्या कमरेची किल्ली काढून न बोलता थोरलीच्या हातावर ठेवली. “दोन वर्षं म्हणे तुम्हाला त्रास आहे,” एवढंच म्हणाली. “मला पाच वर्षं आहे.”

तिसरी डबी. थोरलीनं या वेळी ओढणीत गुंडाळली नाही. हातात धरून आली, झपझप. धाकटीनं थेंब घेतला, काच ठेवली, डोळा लावला. चाक पुढे, चाक मागे. नणंद भिंतीला टेकून उभी. खिडकीतून कुणाची तरी पावलं गेली. पहिल्या पट्टीत नव्हतं. दुसरीत नव्हतं. तिसऱ्या पट्टीवर तिचा हात चाकावर थांबला आणि तसाच राहिला.

“वहिनी, इकडे या. आधी तुम्ही बघा.”

थोरलीनं डोळा लावला. विहिरीत वरून सुटलेलं पान हेलकावे खात खाली जावं, तसं काहीतरी पिवळसर पाण्यात डुलत चाललं होतं. एक, मग आणखी एक. एक जरा थांबला तेव्हा त्याचा आकार दिसला. नासपतीसारखा, खाली निमुळता, आणि वरच्या बाजूला दोन गोल ठिपके. डोळ्यांसारखे. कुणीतरी खालून वर बघत असावं तसे.

“हा कोण?”

“जिआर्डिया म्हणतात याला. लहान मुलांच्या पोटात पुष्कळदा असतो. लंगोट, हात, पाणी, कप. तिथून आला असणार.”

“हा माझ्यात आहे?”

“निदान दोन वर्षं.”

थोरली बराच वेळ बघत होती. मग डोळा न काढताच म्हणाली, “केवढासा आहे गं. एवढ्याशासाठी मला वेड्यात काढलं.” आणि खाली बसून तिनं तोंडात ओढणी कोंबली आणि ती पहिल्यांदा पोटभर रडली. धाकटीनं आधी हात धुतले, कोपरापर्यंत, ब्रश लावून. मगच तिला जवळ घेतलं.

मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्टावर एक ओळ लिहिली, ‘शस्त्रक्रिया तूर्त स्थगित.’ गोळ्या लिहून दिल्या. माफीबिफीचा प्रश्नच नव्हता, ते म्हणाले, “अशा केसेस होतात.” होतात नव्हे, करतात.

गोळ्यांनी थोरलीच्या तोंडाला आठवडाभर लोखंडाची चव होती. पंधरा दिवसांत ढेकर गेली. दुधाचं पोटाशी जमायला चार-पाच महिने लागले. एका संध्याकाळी बाजारात निघाली तेव्हा तिनं शौचालयांचा हिशोब केला नाही, हे घरी परतल्यावर तिच्या लक्षात आलं. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे माझं पोट चांगलं म्हणून हिला गोळ्या देत होते?” मग त्यांनी आपणहून जाऊन स्वतःची नवीन डबी दिली. धाकटीनं ती वेळेत तपासली. उत्तम होतं.

धाकटीला काय मिळालं? ठपका. स्वतःचाच रिपोर्ट खोटा ठरवून संस्थेची प्रतिमा मलिन केली, असं त्यात लिहिलं होतं. पुढच्या महिन्यापासून तिची बदली झाली, रक्त विभागात. तिचा नवरा म्हणाला, “चला, आता मला खोटं बोलावं लागत नाही.” तिला हसू आलं, पण त्या दिवशी ती जेवली नाही. भिंगाच्या टेबलावर एका तरुण तंत्रज्ञाला बसवलं. साडेबाराचं ताट साडेबारालाच येत राहिलं. त्याचे रिपोर्ट कसे झटपट निघतात, याचं कौतुक परवाच्या भाषणातही झालं.

*

आता शेवटचं, आणि हे तुला उद्देशून आहे, धाकटे. इथे मी ‘नणंद’च्या आड लपणार नाही.

गोळ्या सुरू झाल्या त्याच संध्याकाळी तू म्हणालीस, “वन्सं, वहिनी बऱ्या होऊन त्याच टेबलापाशी, त्याच बेसिनपाशी जाणार. तीस मुलं आणि दोन मावश्या, सगळ्यांचं बघितल्याशिवाय याला अर्थ नाही.” रिकाम्या बत्तीस डब्या तू आणल्यास. प्रत्येकीवर कोरी पट्टी चिकटवलीस. पाळणाघराच्या संचालिकाबाईंना मी ओळखत होते. कॉलेजात माझ्या दोन वर्षं मागे होत्या. सोमवारी दहाला आपण दोघी जायचं ठरलं. बोलायचं मी, समजावून सांगायचं तू.

सोमवारी साडेनऊला तू फोन केलास. मी सांगितलं, गुडघा धरलाय, पुढच्या सोमवारी जाऊ.

गुडघा धरला नव्हता. रविवारी मी त्यांना नुसती कल्पना दिली होती, आणि त्या म्हणाल्या होत्या, “आमच्याकडे चांगल्या घरची मुलं येतात हो. आणि तुम्ही, इतक्या शिकलेल्या, हे असलं घेऊन दारोदार फिरणार?” मी काय उत्तर दिलं ठाऊक आहे? काहीही नाही. फोन ठेवला आणि त्या फुलपाखरांच्या दारातून मी शौचाच्या बत्तीस डब्या घेऊन आत जातेय, ओळखीची माणसं बघताहेत, असं डोळ्यांसमोर आलं. ज्या लाजेवरून मी आठ पानं तावातावानं लिहू शकते, तीच. पुढच्या सोमवारी तुझा ठपका आला. त्यानंतर तू विचारलं नाहीस आणि मी काढलं नाही.

आठ महिन्यांनी थोरलीला पुन्हा ती ढेकर आली. या वेळी तिनं स्वतःच डबी धरली, स्वतःच गोळ्या घेतल्या आणि एकोणीस वर्षांची नोकरी सोडून घरी बसली. तिच्या जागी दुसरी मावशी आली. गेल्या महिन्यात औषधाच्या दुकानात ती माझ्या पुढे उभी होती. तिशीचीच असेल. पोटाशी पिशवी धरून पित्ताच्या गोळ्या मागत होती, आणि मी बघत उभी राहिले.

डब्या माझ्याकडेच आहेत. पलंगाखाली, तू दिलेल्या त्याच खोक्यात. एकतीस आहेत; एकीत मी सुया ठेवते. पट्ट्या अजून कोऱ्या आहेत.